लक्ष्मण देशपांडे यांचे स्मरण इंदुरात करताना मराठवाडी बोली सोपी करून सांगावी का?

तिलकनगरवासी, इंदूर

नमस्कार. फेब्रुवारी २००९ मध्ये लक्ष्मण देशपांडे गेल्याची बातमी आली, त्या संध्याकाळी माझ्या वडिलांनी कपाटातून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या त्यांच्या एकपात्री प्रयोगाची कॅसेट काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि न लावताच परत जागेवर ठेवली. वडील आता नाहीत, पण ती कॅसेट घरात आहे. येत्या फेब्रुवारीत आमच्या वसाहतीतील मराठी कुटुंबांनी एक संध्याकाळ देशपांडे यांच्या स्मरणासाठी ठेवायचे ठरवले आहे आणि त्याची जुळवाजुळव माझ्याकडे आली आहे.

अडचण मुलांची आहे. त्यांचे शिक्षण हिंदी किंवा इंग्रजीत झालेले, मराठी घरापुरती, आणि तीही हिंदीत भिजलेली. गेल्या आठवड्यात त्यांना दहा मिनिटांचा भाग ऐकवून पाहिला. आवाजाच्या चढउतारांवर ती हसली, परंतु शब्द अर्धेअधिक निसटले, आणि एकीने तर विचारले की नावात ‘वऱ्हाड’ आहे, म्हणजे ही वऱ्हाडी बोली का? आमच्यातील काहींचे म्हणणे असे की निवडक प्रसंग प्रमाण मराठीत लिहून काढावेत आणि कोणीतरी वाचून दाखवावेत. माझे मन त्याला तयार होत नाही; पण मुले तासभर कंटाळून बसली तर ज्यांच्यासाठी हे करायचे तीच दूर जातील, हेही खरे आहे. आपण काय कराल?

मूळचा परभणीचा

प्रथम त्या मुलीच्या शंकेविषयी, कारण इंदुरात मी हा गैरसमज मोठ्या माणसांकडूनही ऐकला आहे. येथे ‘वऱ्हाड’ म्हणजे विदर्भातील प्रदेश नव्हे, तर लग्नाला निघालेली मंडळी. गावातील मुलगा लंडनला जातो, तेथील गोऱ्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि त्याच्या लग्नासाठी सगळे गणगोत विमानात बसते, एवढीच कथा. बोली मराठवाड्याची आहे. देशपांडे यांची कर्मभूमी औरंगाबाद. तेथील विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात ते शिकवत असत.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. प्रमाण मराठीत वाचून दाखवण्याला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि तो केवळ गावाच्या अभिमानापोटी नाही. या प्रयोगात एकच माणूस सुमारे तीन तास रंगमंचावर असे आणि ५२ व्यक्तिरेखा उभ्या करत असे; त्याबद्दल गिनेस बुकात त्यांची नोंद झाली. ना वेशांतर, ना नेपथ्य. म्हातारी कोणती, तरणा पोर कोणता, गावातला शहाणा कोण, हे प्रेक्षकाला कळायचे ते उभे राहण्यावरून, हेलावरून आणि शब्दावरून. आमच्याकडे ‘काय करायलास?’ असे विचारतात. त्याच्या जागी ‘काय करतो आहेस?’ घाला, अर्थ तोच राहील. पण विचारणाऱ्या माणसाचे गाव, वय आणि समोरच्याशी असलेली त्याची जवळीक, हे सगळे त्या ‘करायलास’बरोबर निघून जाईल. या प्रयोगात बोली हाच पात्रांचा पोशाख होता, आणि तो उतरवून पात्रे मुलांसमोर आणली तर मुले ती ओळखणार कशावरून?

माध्यमिक शिक्षिका, सुदामानगर

परभणीकर दादांशी मी सहमत आहे, मात्र मुलांना बोली परकी वाटेल ही भीती मला तितकीशी वाटत नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभार आणि बरेचसे शिक्षण उर्दूतून चाले, त्यामुळे तेथील बोलण्यात उर्दू-फारसीचे शब्द भरपूर मुरले आहेत. पुण्याच्या मुलाला असे शब्द कदाचित अडतील, पण आपल्या इंदुरी मुलांना ते हिंदीतून आधीच ठाऊक असतात. ज्या हिंदीमुळे आपण त्यांच्या मराठीची काळजी करतो, तीच येथे त्यांच्या उपयोगी पडेल.

शब्दार्थांची यादी मात्र वाटू नका. मुले ती वाचत बसतील आणि आवाज कानावरून जाईल. सुरुवातीला पाच मिनिटे कथा सांगा, आणि नात्यांचे शब्द समजावून द्या, कारण या कथेचा जीव नात्यांत आहे. विहीण कोण, व्याही कोण, मानपान म्हणजे काय, हे आजच्या मुलांना बोलीपेक्षाही कमी ठाऊक असते.

एका गोष्टीविषयी मला मनापासून सांगावेसे वाटते. गावाकडचा उच्चार करणाऱ्या मुलाला वर्गात कसे चिडवतात, हे मी अनेक वर्षे पाहते आहे. विमानात बसलेली खेडूत माणसे म्हणजे हसण्याचा विषय, असा समज घेऊन मुले उठली तर देशपांडे यांच्यावर अन्याय होईल. त्यांची माणसे लंडनला जातात ती आपल्या रीतिभातींसकट, आणि त्यांना स्वतःची लाज वाटत नाही. आपण त्यांच्याबरोबर हसतो, कारण सांगणारा माणूस त्यांच्यातलाच एक होऊन बोलतो. हे मुलांना आधीच सांगावे, असे मला वाटते.

जुनी इंदूर

माझी सूचना लहानशी आहे. देशपांडे यांच्यानंतर संदीप पाठक यांनी हा प्रयोग पुन्हा रंगमंचावर आणला आणि त्याला नवा प्रेक्षक मिळवून दिला, ही आनंदाची गोष्ट आहे; तरीही स्मरणाच्या संध्याकाळी पहिला आवाज देशपांडे यांचाच असावा. माझ्या धाकट्या आत्याच्या लग्नाला आम्ही इंदुराहून बसने धुळ्याला निघालो होतो आणि चालकाने हीच कॅसेट लावली होती. सेंधव्याच्या घाटात बस बंद पडली, इंजिन थांबले, पण चालकाने कॅसेट चालू ठेवली, आणि खाली उतरलेली सगळी वऱ्हाडी मंडळी उन्हात बसच्या खिडक्यांशी उभी राहून ऐकत होती. त्यांतील निम्म्या लोकांनी मराठवाडा कधी पाहिलाही नव्हता. माझी आजी तर प्रत्येक पात्राला आमच्या नात्यातील कोणाचे ना कोणाचे नाव देत होती.

तिलकनगरवासी, इंदूर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी मुलांना पुन्हा बोलावले आणि शिक्षिकाताईंनी सांगितल्याप्रमाणे आधी कथा आणि नाती समजावून दिली. मग तोच दहा मिनिटांचा भाग लावला. ‘करायलास’ म्हणजे काय, हे मला सांगावे लागले नाही. नववीतल्या एका मुलाने ते आपल्या धाकट्या भावाला परस्पर समजावून सांगितले, थोडे चुकीचे, पण पुरेसे.

प्रमाण मराठीतील वाचन रद्द केले आहे. कार्यक्रम वडिलांच्या कॅसेटनेच सुरू होईल. शेजारच्या काकांकडे अजून चालणारा टेपरेकॉर्डर आहे आणि फीत घासली गेली असली तरी आवाज स्पष्ट येतो. मध्यंतरात, ‘जुनी इंदूर’ यांच्या आजींप्रमाणे, प्रत्येकाने एका पात्राला आपल्या नात्यातील माणसाचे नाव द्यायचे आहे. माझे नाव ठरलेले आहे.