मदत हवी आहे: मायग्रेनची रोजची गोळी अन् उन्हातलं काम

बायकोले मायग्रेन आहे. अर्धं डोकं ठणकते, उलट्या होतात, मंग डोक्याले ओढणी करकचून बांधून अंधारात पडून राहते. दमा आहे म्हणून डॉक्टरनं प्रोप्रानोलॉल ही गोळी दिली नाही, फ्लुनारिझिननं लय सुस्ती अन् वजन वाढलं, आता रात्री टोपिरामेट 25 मिलिग्रॅमची गोळी चालू आहे, हळूहळू वाढवणार. बोटांत मुंग्या येतात, ते चालते म्हणे. बीपी-शुगर नाही, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं आहे, मुतखडा कधी नव्हता. पण या गोळीनं घाम कमी येतो, अन् इकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर, तेंदूपत्ता (विडीचं पान) तोडाले तर जंगलात जावंच लागते. नागपूरच्या डॉक्टरची तारीख लांब आहे, मनानं गोळी बंद करणार नाही. कोणी भर उन्हाळ्यात टोपिरामेट घेऊन शेतात, जंगलात काम केलं काय, अन् अंग तापलं तर कोणत्या लक्षणाले लगेच दवाखाना गाठावा?