मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर तेवढंच, मग जाताना वेळ जास्त का?

कोथरूडची_लेक
आई पहिल्यांदाच एकटी भावाकडे चालली आहे. मुंबईहून थेट न्यूयॉर्क. अंतर सुमारे १२,५०० किमी, पण जाताना साडेपंधरा तास आणि येताना चौदा. त्यात तिकिटावर रात्री एकला निघून सकाळी सातला पोचणार असं छापलंय. आई म्हणते, "सहाच तास? मग दोनदा जेवण कशाला देतात?" तिला पटेल असं सांगा. आणि घरून कधी निघावं?

भूगोलवाले_काका
आधी घड्याळ. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे. सहात साडेनऊ मिळवा, झाले साडेपंधरा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर मागे घेतात, मग फरक साडेदहाचा. माझी मुलगी तिकडेच असते, म्हणून आमच्या फ्रिजवर तसा कागदच चिकटवलाय.

आता वारा. नऊ ते बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचं वारं वाहतं, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. थंडीत ध्रुवाकडचा आणि विषुववृत्ताकडचा तापमानातला फरक वाढतो, तेव्हा ते ताशी २०० किमीच्याही वर जातं. जाताना ते नाकावर, येताना पाठीशी.

आईंना नकाशा दाखवू नका, पृथ्वीचा गोल आणा. दोन शहरांमध्ये दोरा ताणला की तो सौदी, लिबियावरून जात नाही. रशिया, नॉर्वे करत आइसलंडवरून उतरतो. १२,५०० किमी ते हे. पण विमान दरवेळी दोऱ्यावरून जाईलच असं नाही. अमेरिकन कंपन्यांना २०२२ पासून रशियाचं आकाश बंद, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. वळसा पडला की वेळ वाढणारच. किलोमीटरला नऊशेनं भागायचा हिशेब परीक्षेपुरता ठीक.

घाटातला_ड्रायव्हर
काकांचं आकाश झालं, आता जमिनीवर या. कोथरूड ते सहार दीडशे किमीच्या आसपास. रस्ता मोकळा असेल तर तीन तास. खंडाळ्यात एखादा कंटेनर बंद पडला की पाचही कमी पडतात, शुक्रवार संध्याकाळ तर विचारूच नका. एकचं विमान ना? दुपारी चारला चांदणी चौक सोडा. लवकर पोचलात तर बसून राहाल, एवढंच. शेअर कॅब नको, ती हडपसरपासून माणसं गोळा करत बसते. व्हीलचेअर आत्ताच सांगून ठेवा. आई धडधाकट असल्या तरी सांगा, तिकडच्या इमिग्रेशनच्या रांगेत कामी येते.

कोथरूडची_लेक
मनापासून आभार. सहा तासांचं कोडं सुटलं. आता आईला आइसलंड बघायचंय, खिडकीची सीट मागतेय!

भूगोलवाले_काका
खाली बहुतेक ढगच असतात, आणि सगळे झोपले की खिडक्या बंद करायला लावतात. कडेची घ्या. गुडघे आखडतात, दर दोन तासांनी उठून चालायचं तर शेजारच्या दोघांना किती वेळा उठवणार?