फेज चालतील, पण पाण्याचं काय?

वर एका भाऊंनी लिहिलंय, "फेज पाण्यात सोडले की अँटिबायोटिकची कटकटच संपली." फेज म्हणजे जिवाणूंना मारणारे विषाणू. पण कोंबड्यांच्या बाबतीत इतकं सोपं नाही राजेहो.

उमरेड रोडला माझे ब्रॉयलरचे शेड आहेत. मागच्या उन्हाळ्यात पिल्लं मरायला लागली. डॉक्टरांनी एक उघडून दाखवलं, तर काळजावर आणि यकृतावर पिवळट पांढरी साय धरलेली. ई. कोलाय नावाच्या जिवाणूचा आजार. आता ई. कोलायचेही प्रकार कितीतरी, आणि फेज हा नेमका आपल्या ओळखीच्याच जिवाणूला धरतो. दुसऱ्या फार्मवर चाललेली बाटली माझ्याकडे फुकट जाऊ शकते. म्हणून अनेक फेजचं मिश्रण वापरतात, आणि आधी आपल्या शेडातला जिवाणू तपासावा लागतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपण बोअरच्या पाण्यात ब्लीचिंग टाकतो, आणि क्लोरीनने फेज मरतात. लासोटा, म्हणजे राणीखेत रोगाची लस, पाण्यातून देताना ब्लीचिंग थांबवून दूध पावडर घालतो ना, तशीच काळजी इथे हवी. त्यात नागपूरचा मे महिना. टाकीतलं पाणी चहासारखं तापतं. पोटातल्या आम्लाचा मार वेगळाच.

बाकी कल्पना काही नवी नाही. फेजवर काम करणारा शास्त्रज्ञ डेरेल याने 1919 मध्येच फ्रान्समध्ये कोंबड्यांच्या टायफॉइडवर फेज वापरून पाहिले होते. आणि 2019 पासून आपल्याकडे कोंबड्यांना कोलिस्टिन हे अँटिबायोटिक द्यायला बंदी आहे, तेव्हा पर्याय शोधावाच लागणार. मी मात्र आधी एकाच शेडात करून बघेन, शेजारचा शेड तसाच ठेवून.