भाचीच्या भाषणात ‘तेजस्वी’ सात वेळा! दुसरे शब्द सुचवा

लातूरचा_मामा
भाची आठवीत आहे. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं भाषण, वेळ चार मिनिटं. मसुदा वाचून मलाच घाम फुटला. ‘तेजस्वी’ सात वेळा, ‘प्रखर’ चार वेळा, आणि ‘ज्वलंत’ तर नेते, भावना, इतिहास, दिसेल त्याला लावलंय. नमुना बघा: “स्वामी रामानंद तीर्थांच्या तेजस्वी नेतृत्वाखाली जनतेच्या प्रखर भावना तेजाने उफाळून आल्या.” रागावलो तर म्हणते, मामा, मग दुसरे शब्द दे. माझं खत-बियाण्याचं दुकान, माझ्याकडं कुठले शब्द? उजेडाचे पाहिजेत आणि मन भरून आल्याचेही. एखादा कोश असेल तर तोही सांगा, फुकटातला.

गोदाकाठ
मोल्सवर्थ (दुसरी आवृत्ती, १८५७) आणि दाते-कर्व्यांचा शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतात. मोल्सवर्थमध्ये अर्थ इंग्रजीत आहेत, त्यामुळं पोरीला दाते-कर्वे द्या. पण कोशातून शब्द उचलताना एक बघा, त्याची सोयरीक कुणाशी जमते ते. ऊन लख्ख असतं, एखादी गोष्ट लख्ख आठवतेही, पण नेता लख्ख नसतो. चांदणं टिपूर नाहीतर पिठूर. घासलेली कळशी लखलखते, तलवार तळपते, मांडव झगमगतो, काजवा लुकलुकतो, चिमणी मिणमिणते. तळपणारी कळशी म्हणून बघा बरं, कसं वाटतं ते.

उन्हाळी_भुईमूग
गोदाकाठ, भारी. माझं निराळंच म्हणणं आहे. मामा, तुमची भाची उजेडाचे शब्द भावनेला लावायलीय, तिथंच गाडी अडायलीय. आपल्याकडं उजेड जातो बुद्धीला, कीर्तीला आणि आठवणीला. भावनेला लागते आग नाहीतर पाणी.

राग सगळा चुलीवरचा. ‘संताप’ या शब्दातच ताप आहे. माणूस तापट असतो, भडकतो, धुमसतो, तळपायाची आग मस्तकाला जाते, अंगाची लाही लाही होते. आमच्याकडं परभणीला मे महिन्यात ऊन मी म्हणायला लागलं की राग कुठला अन् ऊन कुठलं तेच कळत नाही. माया मात्र ओली. उमाळा येतो, मन उचंबळतं, पाझर फुटतो, गळा दाटतो, डोळे भरतात. दुष्काळी मुलखातला माणूस मायेला ‘ओलावा’ म्हणतो, यातच सगळं आलं.

म्हणून ‘प्रखर भावना तेजाने उफाळल्या’ वाचताना अडखळायला होतं. उफाळतं ते पाणी, नाहीतर लाव्हा. तेज उफाळत नाही.

ठेचा_भाकर
मामा, सावध करतो. पोरीनं चुकून ‘नेत्यांनी उजेड पाडला’ लिहिलं तर सभागृह खो खो हसेल. ‘काय दिवे लावले’ तेच. ‘दिवटा’ तर आमचे वडील निकालाच्या दिवशीच काढायचे. गंमत बघा, तुळजापूरच्या गोंधळात दिवटीला हात जोडायचे आणि घरात दिवट्याला शिव्या द्यायच्या. टेंभ्याचंही तसंच. वाट दाखवतो तोवर ठीक, मिरवला की संपला.

निवृत्त_गुरुजी
शुद्धलेखनाकडेही पाहावे. ‘उज्वल’ नव्हे, ‘उज्ज्वल’ (उत् + ज्वल). ‘दैदिप्यमान’ नव्हे, ‘देदीप्यमान’. ‘पश्चाताप’ नव्हे, ‘पश्चात्ताप’. ज्वलंत प्रश्न व ज्वलंत देशाभिमान चालतो. विरोध प्रखर किंवा तीव्र. इच्छा व प्रेम उत्कट. माझ्या मते ‘देदीप्यमान इतिहास’ हा प्रयोग भाषणात एकदा तरी यावा. भारदस्तपणा येतो.

उन्हाळी_भुईमूग
गुरुजी, आदर ठेवून बोलतो. आठवीतली पोरगी माइकसमोर ‘देदीप्यमान’ला अडखळली की पुढचं सगळं विसरते. मी स्वतः विसरलेलो आहे.

निवृत्त_गुरुजी
मग सराव करावा.

किल्ल्यावरची_घार
मांडव झगमगतो त्यावरून आठवलं. आपण ‘रोषणाई’ म्हणजे दिव्यांची आरास म्हणतो, पण माझी उर्दू शाळेतली मैत्रीण ‘रोशनाई’ शाईला म्हणते. कामाचं नाही, सहज लिहिलं.

कामाचं आता. मामा, देश १५ ऑगस्ट १९४७ ला सुटला आणि आपण निजामाच्या राज्यातून १७ सप्टेंबर १९४८ ला. मधल्या तेरा महिन्यांना शब्द शोधा. तिथं तेजस्वी, प्रखर काहीच बसत नाही. शेजारच्या मुलखात झेंडे लागलेत आणि आपल्याला लावता येत नाही, त्याला तगमग म्हणतात. घुसमट म्हणतात. तळमळही चालेल, पण ती एकट्याची वाटते, घुसमट आख्ख्या गावाची होऊ शकते. भाषण तिथून सुरू करा आणि उजेडाचा एखादाच शब्द शेवटाला राखून ठेवा. ‘फटफटलं’ किंवा ‘तांबडं फुटलं’ असला घरचा.

लातूरचा_मामा
सगळ्यांना राम राम. काल भाचीला घेऊन बसलो. सातातले सहा तेजस्वी काढले, एक स्वामीजींना ठेवला. ‘देदीप्यमान’ तिनं तीनदा म्हणून बघितला आणि वहीवर आडवी रेघ मारली. गुरुजी, माफ करा.

‘घुसमट’ म्हणजे काय ते तिला नीट कळेना, म्हणून आईला विचारायला धाडलं. आई शहाऐंशीची, तेव्हा लहान होती. ती म्हणाली, रजाकारांच्या (निजामाच्या बाजूची हत्यारबंद माणसं) भ्यानं रात्री चिमणी बारीक करून ठेवायचो, उजेड फटीतून बाहेर जाऊ नये म्हणून माय दाराला गोधडी लावायची. मलाही हे पन्नास वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. पोरगी तिथंच खाली बसली आणि लिहायला लागली. आता भाषण असं सुरू होतं: “तेरा महिने आमच्या घरात चिमणी मोठी केली नव्हती.”

एक अडचण आहे. वर्गातल्या पोरांना चिमणी म्हटलं की पक्षीच आठवणार. ‘रॉकेलची चिमणी’ म्हणू का?

गोदाकाठ
म्हणा. आणि गोधडी ठेवा.

ठेचा_भाकर
आजींना समोरच्या रांगेत बसवा, मामा.