रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे जाण्याच्या, म्हणजे रूपांतरणाच्या काळात सरकारकडे नेमकी कसली मदत मागावी?

कोरडवाहू: घरची साडेचार एकर जमीन. गेल्या हंगामापासून त्यातल्या एका एकरात रासायनिक खत आणि फवारणी पूर्ण बंद केली. सेंद्रिय शेतकऱ्यांच्या गटात नाव घातलं. मदत आली ती जैविक द्रवांच्या बाटल्यांच्या रूपात, तीही पेरणी होऊन महिना उलटल्यावर. उत्पादन घटलं आणि माल साध्याच भावात गेला, कारण सेंद्रियचं प्रमाणपत्र नाही. वडील म्हणतात, पुरे झालं. त्यांच्याशी वाद घालता येत नाही, हिशोब त्यांच्या बाजूनं आहे. पण ढेकूळ फोडलं की आता गांडूळ दिसतं, त्यामुळे माघार घ्यावीशी वाटत नाही. पुढच्या आठवड्यात अधिकाऱ्यांसोबत बैठक आहे. काय मागू?

बांधावरची: दादा, एकरी रोख रक्कम मागा, थेट खात्यात, रूपांतरण संपेपर्यंत दर वर्षी. हंगामी पिकांना साधारण दोन वर्षं, फळबागेला तीन. अमेरिकेत सरसकट ३६ महिने. तेवढा काळ घट सेंद्रियची सोसायची आणि भाव रासायनिकचा घ्यायचा. शेतकरी मोडतो तो इथेच.

दुसरं, पेरणीआधी बांधावर येणारा जाणकार माणूस मागा. मी पहिल्या वर्षी कच्चा काडीकचरा गाडला. तो कुजवताना जिवाणूंनी पिकाच्या वाट्याचा नत्र (नायट्रोजन) ओढून घेतला आणि पीक पिवळं पडलं. मी कीड समजून अर्क फवारत राहिले. पान हातात घेऊन कुणी एवढंच सांगितलं असतं, की आधी कुजवा किंवा द्विदल पीक घेऊन गाडा, तर हंगाम वाचला असता. ते अजून मनाला लागतं.

शेणखत: ताईंशी सहमत. घाई मात्र कुणाला करू देऊ नका. श्रीलंकेनं २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली. भात आणि चहा दोन्हींना फटका बसला आणि त्याच वर्षी निर्णय मागे घ्यावा लागला. सिक्कीमनं २००३ मध्ये ठरवलं, खतांचं अनुदान टप्प्याटप्प्यानं काढलं आणि पूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून घोषणा झाली ती २०१६ मध्ये. तुम्ही एका एकरापासून सुरुवात केलीत, तेच बरोबर.

आणि खरेदीचं विचारा. ब्राझीलमध्ये शाळांच्या जेवणासाठीच्या केंद्रीय निधीतला किमान ३० टक्के भाग कुटुंबशेतीच्या मालावर खर्च करण्याचा कायदा २००९ मध्ये झाला, आणि सेंद्रिय मालाला जास्त भाव देण्याची त्या योजनेत सोय आहे. गिऱ्हाईक ठरलेलं असलं की घरातल्यांनाही पटवता येतं.

कोरडवाहू: ताई, माझंही पीक पिवळंच पडलं होतं आणि मीही कचरा गाडला होता! रोख मदत आणि पेरणीआधी सल्ला, हे दोन मुद्दे लिहून घेतले. खरेदीचा मुद्दा गटाकडून मांडतो. एक शंका: शेजारची फवारणी वाऱ्यानं माझ्या कडेच्या ओळींवर येते. त्यानं प्रमाणपत्र अडेल का?

बांधावरची: अडू शकतं. त्या बाजूला संरक्षक पट्टा सोडा, दाट झुडपं लावा. पट्ट्यातलं पीक वेगळं काढा, वेगळं साठवा आणि सेंद्रिय म्हणून विकू नका. तारखेसह वहीत नोंद ठेवा. तपासणीला आलेले आधी वहीच मागतात. बैठकीत काय झालं ते इथे नक्की कळवा, मी वाट बघतेय.