क्षारपड रानात गॅससाठी नेपियर लावावं का?

पलूसकडचा शेतकरी
नेपियर या उंच वाढणाऱ्या चाऱ्याच्या गवतापासून गॅस करणाऱ्या प्रकल्पांची माणसं आमच्या भागात फिरताहेत. 2018 च्या ऑक्टोबरात केंद्राची 'सतत' योजना आली, तेव्हापासून सीबीजीचं, म्हणजे शुद्ध करून दाबून भरलेल्या बायोगॅसचं, नाव ऐकतोय, आता करारावर सह्या मागताहेत. माझं मत स्पष्ट आहे. चांगल्या रानात हे लावू नये, पण क्षारपडीत गेलेल्या रानात जरूर लावावं. मातीची क्षारता 1.7 डेसिसायमनच्या (क्षार मोजायचं माप, प्रति मीटर) वर गेली की उसाचा उतारा घटायला लागतो आणि पुढच्या प्रत्येक अंकामागे जवळपास सहा टक्के जातात. म्हणजे 8 ला पोहोचलेल्या रानात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ऊस गेलाच. हरळी मात्र 6.9 पर्यंत दम धरते. गवताची जात मुळात काटक. पडीक ठेवून वेडी बाभूळ वाढवण्यापेक्षा हे बरं नाही का?

माती तपासणारा, मिरज
दादा, हरळीचा आकडा नेपियरला लावू नका. हरळीच्या पानावर मीठ बाहेर टाकणाऱ्या बारीक ग्रंथी असतात, नेपियरला ती सोय नाही. त्याला मीठ मुळाशीच अडवावं लागतं, आणि जे वर चढतं ते जुन्या पानांत साठतं.

क्षाराचा मार दोनदा बसतो. पहिला लगेच बसतो. मातीत ओल दिसते, पण क्षारामुळं मुळाला पाणी ओढता येत नाही. नवं पान आखूड निघतं, फुटवे कमी येतात, पानांवरची रंध्रं मिटतात आणि हवेतला कार्बन आत जायचा थांबतो. दुसरा मार काही आठवड्यांनी बसतो. सोडियम पोटॅशची जागा घेतं आणि पेशीतली कामं बिघडतात. तेव्हा बुडखाकडची पानं बघा, टोकापासून आणि कडेनं करपत येतात, मधली शीर तेवढी हिरवी राहते. शिवाय तग धरायला प्रोलिनसारखी द्रव्यं तयार करण्यात झाडाची साखर खर्ची पडते. जनावराच्या चाऱ्याला हे चालून जाईल. तुम्ही मात्र वजनावर विकणार आहात, आणि वजन फुटव्यांतच असतं.

पलूसकडचा शेतकरी
सगळं पटतं, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. कांडी रुजायचा काळ नाजूक असतो, त्यावर उपाय आहे. मीठ सरीच्या माथ्यावर फुलतं, तर कांडी माथ्यावर न लावता बगलेला, पाण्याच्या रेषेजवळ लावायची. एकदा बेट धरलं की काही वर्षं नुसत्या कापण्या घ्यायच्या. दरवर्षी नांगरट नाही, बियाणं नाही. अशा रानात खर्च कमी ठेवणं हीच कमाई असते.

वाळव्याची सून
मी या बेताच्या पूर्ण विरोधात आहे. आमच्याकडं एजंटानं सांगितलं की गवत जमिनीतलं मीठ ओढून घेतं, चार वर्षांत रान सुधारतं. हिशोब करून बघा. विहिरीच्या पाण्याची क्षारता 1 असेल, तर एकरात एक इंच पाणी सोडलं की साठ-पासष्ट किलो क्षार रानात येतो. उलट बाजूला, एकरी दहा टन वाळलं गवत निघालं आणि शंभर किलोमागे दोन किलो मीठ गेलं असं धरलं, तरी वर्षाला दोनशे किलो. तीन-चार पाण्यांतच ते भरून निघतं, आणि नेपियरला पाणी तर वर्षभर लागतं.

आमच्या काळ्या चिकट रानाचं खरं दुखणं साचलेलं पाणी आहे. मुळाला हवा मिळाली नाही की मीठ अडवायची त्याची ताकदच जाते, त्यामुळं पाणथळ आणि क्षार एकत्र आले की नुकसान कितीतरी वाढतं. जमिनीखालचा पाईप निचरा झाल्याशिवाय ऊस लावा, गवत लावा, रान खालीच जाणार. करारावर सही झाली की घरातला माणूस निचऱ्याचा विषय टाळतो, आणि माझा राग त्यावरच आहे.

कारखान्यात बॉयलरवर
कुणी हेच गवत जाळायला घेणार असेल तर एक सांगतो. क्षारपड रानातल्या गवतात क्लोरीन आणि राख जास्त येते. नळ्यांवर थर चढतो, धातू गंजतो. गॅस प्रकल्पात हा त्रास नसेल, पण तिथली स्लरी, म्हणजे गॅस काढून उरलेला पातळ गाळ, सेंद्रिय खत म्हणून परत तुमच्याच रानात येते. गवतातून गेलेलं मीठ त्या स्लरीत असतंच. ताईंच्या हिशोबातले दोनशे किलो त्यामुळं आणखी घटतील.

कृषीचा विद्यार्थी
दोन्ही बाजू 'क्षारपड' हा एकच शब्द वापरताहेत, पण आधी माती तपासा. सामू (pH) 8.5 च्या आत आणि क्षारता 4 च्या वर असेल तर ती क्षारयुक्त, निचरा करून चांगलं पाणी दिलं की मीठ धुऊन जातं. सामू 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना धरून असलेलं) 15 टक्क्यांहून जास्त असेल तर ती चोपण, तिथं जिप्समशिवाय पाणी मुरणारच नाही. चोपणसाठी कर्नाल गवत आहे. ते मीठ पानावाटे बाहेर टाकतं आणि साचलेलं पाणीही सोसतं. कर्नालची केंद्रीय मृदा लवणता संस्था 1969 पासून अशाच जमिनींवर काम करते. आपल्या जवळ कसबे डिग्रजचं संशोधन केंद्र आहे, निचऱ्याबद्दल तिथं विचारा.

पलूसकडचा शेतकरी
ताई, निचऱ्याला माझा विरोध नाही. पण एकट्याच्या रानात पाईप घालून भागत नाही, पाणी बाहेर काढायला खालच्या सगळ्यांच्या बांधातून चारी हवी. आमच्या शिवारात एक जण अडून बसलाय, त्यापायी सगळं थांबलंय. तोवर मी दोन-चार गुंठ्यांत नेपियरचं फुले जयवंत हे वाण लावून फुटवे आणि वजन बघणार. एकरावर सही करणार नाही.

वाळव्याची सून
गुंठ्यांत लावा, त्याला ना नाही. पण सही करायच्या आधी करारातली दोन कलमं इथं टाका, दादा. एकरी किमान टनेज लिहिलंय का, आणि ते भरलं नाही तर पैसे कोण कापतं? क्षारपड रानात पहिला फटका टनेजलाच बसणार आहे.