पॉइंट्सवर गोवा: मिरामार की वागातोर? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत सासूबाई आणि दोन्ही मुलांना घेऊन गोव्याला जायचं आहे. मॅरियट बॉनव्हॉयचे (मॅरियट हॉटेलांची सदस्य-योजना) पॉइंट्स साठलेत. त्यांवर सलग पाच रात्री एकाच हॉटेलात बुक केल्या तर त्यांतल्या सगळ्यात कमी पॉइंट्सच्या एका रात्रीचे पॉइंट्स लागत नाहीत, म्हणून मुक्काम तेवढाच धरलाय. ठाण्याहून वंदे भारतने जाऊ.

अडलंय ते हॉटेलवर. मिरामारचं गोवा मॅरियट की वागातोरचं डब्ल्यू (तेही मॅरियटचंच हॉटेल)? मुलांचा हट्ट वागातोरचा, पण तिथे किनारा टेकडीच्या पायथ्याशी आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. पायरीवर एक पाय ठेवून दुसरा शेजारी आणतात, मगच पुढची पायरी. त्यांना खोलीत बसवून आम्ही समुद्रावर जायचं, हे मला पटतच नाही. माझं मन मिरामारकडे आहे, पणजीही जवळ.

कोणी आजी-आजोबांना घेऊन राहून आलंय का? खोलीपासून वाळूपर्यंत किती पायऱ्या? पॉइंट्सच्या बुकिंगवर एकाच खोलीत जादा पलंग देतात का, त्याचे वेगळे पैसे घेतात का? पॉइंट्सचे दर तारखेनुसार बदलतात, म्हणून जरा लवकर सांगा.